शून्य लिहिलेली वही

ऑपरेशन मंगळवारी सकाळी आठ वाजता होतं. सोमवारी दहा वाजता मी नागपुरातल्या एका इस्पितळात भरती झालो. डावा गुडघा बदलायचा होता. चोवीस वर्षं पायदळात काढली, सुभेदार म्हणून बाहेर पडलो. गुडघा मात्र माझ्याआधीच रिटायर झाला होता.

साडेअकराला एक तरुण मॅडम आल्या. त्या मानसोपचारतज्ज्ञ होत्या. हिनेच बोलावलं असणार, असं वाटून मी बायकोकडे रागाने पाहिलं.

"खराब गुडघा हाय, डोकं नाही," मी म्हणालो.

मॅडम हसल्या. त्या आमच्याच भागातल्या निघाल्या. "काका, जखम भरते, पण काही लोकाईचं दुखणं मागंच राहते. जो लई घाबरते, पाय हलवत नाही, आतल्या आत सोसते, त्याले हा धोका जास्त. म्हणून आधीच बोलून राहिलो आपण."

"मले भीती नाही. सब ठीक."

त्यांनी एक वही दिली. दिवसातून तीनदा दुखणं शून्य ते दहामध्ये लिहायचं, त्या वेळी मनात काय आलं तेही लिहायचं. सावकाश श्वास सोडायची एक कवायतही शिकवली. मी वही उशाखाली सारली.

त्यांना माझी सवय ठाऊक नव्हती. सरहद्दीच्या चौकीवरून दर तासाला वायरलेसवर रिपोर्ट जायचा. "ऑल ओके, ओव्हर." बोटं बधिर झालेली असोत, कुणाला ताप असो, ऑल ओके. ही सवय हाडात मुरते. बायको विचारते, भाजीत मीठ बरोबर आहे का, तरी माझं उत्तर ऑल ओके. ती म्हणते, तुमच्याशी बोलण्यापरीस भिंत बरी.

ऑपरेशन चांगलं झालं. बुधवारी अकरा वाजता फिजिओथेरपिस्टने उभं राहायला सांगितलं. मी पायावर भार दिला आणि लगेच खाली बसलो. घामाने बनियन भिजलं. नवा सांधा निखळणार, हे एकच डोक्यात होतं. "उद्या पाहू," मी म्हणालो. गुरुवारीही तेच. फिजिओ स्पष्ट म्हणाले, असंच चाललं तर गुडघा आखडेल आणि मग चालणं अवघड.

शुक्रवारी मॅडम आल्या आणि त्यांनी वही उघडली. बुधवार-गुरुवारच्या सहा नोंदी, सहाही शून्य.

"काका, दुखत नाही तं उभे काहून राहत नाही?"

मी वही परत घ्यायला हात पुढे केला. त्यांनी ती मिटून आपल्याकडेच ठेवली.

"न बोलता सोसायचं, हे तुम्हाले कोणी शिकवलं?"

"मीच शिकवलं," मी म्हणालो. "दुसऱ्याले."

मग मी नायक रामटेकेबद्दल सांगितलं. तो नागपूरचाच, इंदोरा वस्तीतला. मी हवालदार असताना माझ्या सेक्शनमध्ये होता. बर्फावर घसरून त्याची मांडी मोडली, ऑपरेशन करून आत रॉड टाकला. मी भेटायला गेलो तेव्हा तो कण्हत होता. वॉर्डात नवे जवान होते. मी म्हणालो, "आवाज नको काढू गा. पोरं ऐकून राहिली."

"जी, साहेब," तो म्हणाला. त्यानंतर त्याने आवाज काढला नाही. हाड जुळलं, दुखणं राहिलं. तो पेन्शनीवर घरी आला. लग्नकार्यात भेटायचा तेव्हा एकच, "सब ठीक, साहेब." पुढे तो घराबाहेर पडेनासा झाला. गेल्या वर्षी हृदयविकाराने गेला. अंत्ययात्रेला मी गेलो, पण त्याच्या घराचा जिना चढायची माझी हिंमत झाली नाही.

सांगताना मी रडलो. बायको तिथेच बसली होती.

मॅडम म्हणाल्या, "तुमच्या बोलण्यानंच तसं झालं, असं मी म्हणत नाही. पण तुम्ही तसे राहू नका. दुखलं म्हणजे दर वेळी आत काही तुटते असं नाही."

ते मला समजलं. नवखा संतरी आपलाच माणूस आला तरी "थम" म्हणून ओरडतो. ओरडला म्हणून दुश्मन आला, असं होत नाही.

"आता खरा रिपोर्ट द्या," त्या म्हणाल्या. मी वॉकर धरून उभा राहिलो.

"सात. सांधा निखळून राहिला असं वाटते."

"निखळला?"

"नाही."

"श्वास सोडा. एक पाऊल."

त्या दिवशी मी चार पावलं चाललो. पुढे घरी आल्यावरही मॅडम आठवड्याला फोन करत. वहीत नऊ आले, पाच आले, मधेच पुन्हा आठ. खोटं शून्य आलं नाही.

तीन महिन्यांनी मी इंदोऱ्याला गेलो. दुसरा मजला, बत्तीस पायऱ्या, दोनदा थांबलो. रामटेकेच्या बायकोने दार उघडलं.

"भाऊजी, पाय दुखते का?"

तोंडावर "नाही" आलंच होतं. "दुखते, वहिनी. आज चार."

त्या पाणी आणायला वळल्या, पण मी त्यांना थांबवलं. वॉर्डातलं ते वाक्य सांगून टाकलं.

त्या समोर खाटेवर टेकल्या. "मले माहीत हाय. लई दुखलं की उशीत तोंड खुपसत. मी म्हणो, ओरडा नं जी. तं म्हणत, हवालदार साहेबाईनं मना केलं."

भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीखाली त्याचा वर्दीतला फोटो होता. मी काठी वहिनींकडे दिली आणि सावधानमध्ये उभा राहिलो.

"रामटेके," मी म्हणालो, "तो हुकूम चुकला होता गा."