कॉम्प्युटरच्या खेळीला मार्क देताना

आमच्या ऑफिसातले किस्से साचत जातात, त्याचं कारण साधं आहे. तिथे कोणी कोणाशी बोलतच नाही! त्यामुळे दिवसभरात कोणाच्या तोंडून एखादं वाक्य निघालं, की ते लक्षात राहतं. आठ महिन्यांत माझ्याकडे असे बरेच जमलेत, आणि गाझियाबादच्या माझ्या खोलीत ते ऐकायला भिंती आहेत फक्त. म्हणून तुम्हाला सांगते.

ऑफिस नोएडात. कंपनी बुद्धिबळाचं ॲप बनवते. त्यातला कॉम्प्युटर माणसासारखा खेळला पाहिजे, असा त्यांचा हट्ट. आमचं काम म्हणजे त्याच्या खेळ्या तपासायच्या, एक ते पाच स्टार द्यायचे आणि खाली कारण लिहायचं. आम्ही तिघं. मी साताऱ्याची, कॉलेजात असताना राज्य स्पर्धेपर्यंत खेळलेली. सबनीस काका केंद्र सरकारातून रिटायर झालेले, नोकरीभर दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहिलेले. आणि भाटियाजी, शाळाशाळांतून बुद्धिबळ शिकवून थकलेले पंजाबी गृहस्थ.

नोकरी लागल्याचं कळवायला आईला फोन केला.

“काय काम आहे गं?”

“कॉम्प्युटरला मार्क द्यायचे.”

आई म्हणाली, “चांगले दे हो. कुणाचं तरी पोर असेल!”

*

कारण कुठल्याही भाषेत लिहिलं तरी चालतं, सिस्टीम त्याचं इंग्रजी करते. पहिल्याच आठवड्यात काकांनी एका खेळीला दोन स्टार दिले आणि लिहिलं, “घोड्याला घर नाही.”

दुपारी आमच्या मॅनेजर नेहा मॅडम लॅपटॉप घेऊन हजर. “सबनीस सर, ये ‘द हॉर्स इज होमलेस’ क्या है?”

काकांनी समजावलं, की मराठीत पटावरच्या चौकोनाला घर म्हणतात. मॅडम खूश. “अच्छा! कितना स्वीट है यार!”

मॅडम गेल्यावर काका माझ्याकडे वळून म्हणाले, “पटावर चौसष्ट घरं असतात बघ. मला दिल्लीत पस्तीस वर्षांत एक झालं नाही.”

*

भाटियाजी स्क्रीनशी भांडतात. चक्क मोठ्याने! “शर्म नहीं आती? हाथी को कोने में सड़ाएगा?” एकदा कारणाच्या जागी त्यांनी लिहिलं, “इसको दो थप्पड़ लगाओ.” मॅडमनी समज दिली, तर म्हणाले, “ठीक है, एक लगाओ.”

मग एक दिवस सर्व्हर बंद पडला. मॅडमनी सगळ्यांना घरी जायला सांगितलं. आम्ही बॅगा उचलल्या. भाटियाजी काळ्या स्क्रीनसमोर तसेच बसलेले.

“सर, घर नहीं जाना?”

“जाऊँगा बेटा. पर वहाँ लड़ूँगा किससे?”

*

आम्हाला जोखायला म्हणून कंपनी मधूनमधून खऱ्या माणसांचे डाव मिसळते. कुठला कोणाचा, ते सांगत नाहीत. एका खेळीला मी एक स्टार ठोकला आणि लिहिलं, “हे माणसाचं काम नाही. समोर कोणी बसलंय याची दखलच नाही.”

संध्याकाळी मॅडमचा मेसेज आला. तो डाव माझाच होता! राज्य स्पर्धेतला, कुठूनतरी त्यांनी मिळवलेला.

भाटियाजी आठवडाभर मला “मशीन बेटा” म्हणत होते. मी हसत होते. पण त्या डावात माझ्यासमोर कोण बसलं होतं, ते मला खरंच आठवलं नाही. मुलगा होता की मुलगी, तेही नाही.

*

एका सोमवारी “गुड मॉर्निंग” म्हणायला गेले, तर आवाजच फुटेना. सर्दी नाही, ताप नाही. काका घाबरले. “अगं, काय झालं?”

मी विचार केला, तेव्हा लक्षात आलं. आईकडे लग्नाची गडबड होती, म्हणून दोन दिवस तिचा फोन नव्हता. शुक्रवारी संध्याकाळी रिक्षावाल्याला “बस, यहीं” म्हटलं होतं. त्यानंतर मी बोललेच नव्हते!

*

आता हा शेवटचा.

एका मंगळवारी काका घरून तीन कागद घेऊन आले. तीन डाव, हाताने लिहिलेले. म्हणाले, “काळ्याच्या खेळ्या बघ. माणूस की मशीन?”

मला वाटलं, कामाचंच काहीतरी. पाच मिनिटांत सांगितलं, “मशीन, काका. शंभर टक्के. एकदाही चूक नाही, एकदाही मोह नाही.”

भाटियाजींनी तर एकच कागद पाहिला. “मशीन है जी. इसमें पूछना क्या?”

काकांनी कागदांची नीट घडी केली आणि खिशात ठेवली.

“माझी मुलगी आहे,” म्हणाले.

ऋजुता डब्लिनला असते. काकू गेल्यापासून दर रविवारी दुपारी ती काकांना फोन लावते आणि दोघं मोबाइलवर बुद्धिबळ खेळतात. काकांनीच तिला क्वार्टरच्या गॅलरीत शिकवलेलं. तेव्हा तिला एकच खोड होती, वजीर बाहेर काढायची घाई. आता मात्र प्रत्येक खेळी सात-आठ सेकंदांत येते, सोपी असो की अवघड. फोनवर मागे भांड्यांचा आवाज, कपाटांचा आवाज. ती विचारते, “बाबा, जेवलात का? गोळ्या घेतल्या?” आणि पटावर कॉम्प्युटर खेळत असतो.

“तुम्ही बोलला नाहीत तिला?”

“काय बोलू? डाव चालू असतो तोवर फोन चालू असतो.”

भाटियाजी त्या दिवशी स्क्रीनशी एक शब्द बोलले नाहीत.

काका खेळत राहिले. दर रविवारी हरायचे आणि सोमवारी सांगायचे, “चाळीस खेळ्या टिकलो.” “बावन्न टिकलो.” ऑफिसात शिकलेलं सगळं त्यांनी डाव लांबवायला वापरलं.

मग गेल्या सोमवारी काका आले ते जवळजवळ पळतच. बॅग खांद्यालाच. “काल तिनं वजीर बाहेर काढला! पाचव्या खेळीला! आणि पुढच्याच खेळीला फुकट दिला!”

“क्या?” भाटियाजी खुर्चीतून उठले.

“सरळ माझ्या उंटाच्या तोंडी! आणि चार मिनिटं घेतली त्या खेळीला. मागे भांडी नाहीत, काही नाही. नुसता तिचा श्वास ऐकू येत होता.”

“मग?” मी विचारलं. “मारलात ना वजीर?”

काकांनी खांद्यावरची बॅग उतरवून खुर्चीवर ठेवली.

“मी राजा एक घर सरकवला,” ते म्हणाले.