शिस्तभंगाची शाल

आमच्या गावच्या क्रिकेट लीगमध्ये ज्या ज्या खेळाडूवर शिस्तभंगाची कारवाई झाली, त्या प्रत्येकाच्या घरी आज एक शाल आहे. एकाच्या सोडून. कारवाई करणाऱ्या समितीचा प्रमुख मीच असल्यामुळे हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. त्या एका घराचं सांगताना मात्र लाज वाटते.

मी हायस्कूलला इतिहास शिकवतो. गाव तलवाड्यापासून फार लांब नाही, आणि मॅचेस होतात त्या गावामागच्या गायरानावर. उन्हाळ्यात, ऊसतोडीला गेलेली माणसं परत आली की टेनिस बॉलची लीग सुरू होते. टीव्हीवर असते तशीच. संघांना मालक, खेळाडूंचा लिलाव, मालकाचा फोटो असलेले टी-शर्ट, सगळं काही. मालकाचा फोटो एवढा मोठा असतो की खेळाडूचं नाव कुठं टाकायचं हा प्रश्नच येत नाही.

पहिल्या वर्षी चार संघ होते. एक सरपंचांचा, कारण लीगचे अध्यक्ष तेच. एक माजी सरपंचांचा, कारण त्यांना दिला नसता तर लीगच्या दिवशीच ग्रामसभा मागितली असती. एक खताच्या दुकानदाराचा आणि एक गावातल्या सगळ्यात मोठ्या बागायतदाराचा. दुसऱ्या वर्षी मंडपवाला रुसला. मलाही संघ पाहिजे म्हणाला आणि भर सामन्यात आपला लाउडस्पीकर काढून घेऊन गेला. कॉमेंट्रीशिवाय क्रिकेट म्हणजे आमच्याकडं नुसती पळापळ. दुपारपर्यंत प्रेक्षक उठून गेले. मग अध्यक्ष चार माणसं घेऊन मंडपवाल्याच्या घरी गेले, शाल घातली, नारळ दिला, फोटो काढला आणि पाचवा संघ जाहीर करून आले. त्याला दिला, मला कावून न्हाई, असं म्हणत लगेच दुसरा एकजण रुसला. सहावा संघ. टीव्हीवरची लीग कशी वाढते मला माहीत नाही, आमची अशी वाढली. चौथ्या वर्षी आठ संघ झाले.

आठ संघांना अठ्ठ्याऐंशी माणसं लागतात. गावात धावू शकणारी माणसं तेवढी नाहीत. लिलावात शेवटी शेवटी तर गुडघ्याला पट्टा बांधलेली, नातवंडं असलेली मंडळी विकली गेली आणि घरी पेढे घेऊन गेली.

माणसांची टंचाई झाली की त्यांची मिजास वाढते. अंपायरच्या अंगावर जाणं, आउट झाल्यावर बॅट घेऊन सरळ घरी निघून जाणं, हे रोजचं झालं. तेव्हा अध्यक्षांनी मला बोलावून घेतलं. ‘सर, एक आचारसंहिता लिहून द्या. एकदम कडक.’ मी दोन रात्री जागून सोळा कलमं लिहिली. अंपायरशी वाद घातला तर एक सामना बंदी, स्टम्पला लाथ मारली तर दोन, मारामारी केली तर पूर्ण हंगाम. खाली ‘प्रमुख, शिस्तपालन समिती’ अशी झोकात सही केली. समितीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं, ते सोडा.

पहिली कारवाई अध्यक्षांच्या पुतण्यावर झाली. रनआउट दिलं म्हणून त्यानं तिन्ही स्टम्प उपटले आणि मोटारसायकलवर घालून घरी नेले. मी दोन सामन्यांची बंदी घातली. पुतण्या रुसला, जेवायलाही उठेना. दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्ष म्हणाले, ‘सर, चला. समजूत काढू. तुमी आल्याशिवाय शोभत न्हाई.’ आम्ही चारजण गेलो. लग्नात रुसलेल्या जावयाची काढतात तशी समजूत काढली. शाल घातली ती माझ्याच हातून. दुपारच्या सामन्याला पुतण्या ओपनिंगला होता, आणि स्टम्प तेच होते.

त्यानंतर पोरांना रस्ता सापडला. गैरवर्तन केलं की बंदी, बंदी आली की रुसवा, रुसवा आला की चार माणसं घरी, शाल, नारळ आणि व्हॉट्सॲपवर फोटो. एकानं तर मला आधीच विचारलं, ‘सर, शुक्रवारी पंचायत समितीचे साहेब गावात हायेत. गुरुवारी भांडलं तर जमल का?’ तिथून पुढच्या चार हंगामांत मी बंदीचे जे जे आदेश काढले ते सगळे मागं घेतले गेले, आणि दर वेळी मागं घ्यायला मीच नारळ धरून हजर होतो.

आता ज्याचं सांगायचं आहे तो. मेंढरं राखणारा, तिशीतला गडी. माझ्याच वर्गात नववीपर्यंत बसला, मग बापाच्या मागं मेंढरांत गेला. आम्ही ज्या गायरानावर चौकार मोजतो तिथं त्याची मेंढरं वर्षभर चरतात. सामन्याच्या दिवशी तो पहाटे येऊन खेळपट्टीवरच्या लेंड्या स्वतः झाडून काढायचा. त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. चार पावलांची धाव घेऊन असा बॉल टाकायचा की समोरच्याला बॅट कुठं न्यायची कळायचं नाही. खताच्या दुकानदारानं त्याला पहिल्या वर्षापासून संघात ठेवला होता. आउट दिलं की ‘बरं’. नॉट आउट दिलं तरी ‘बरं’. प्रत्येक भाषणात मी त्याचं उदाहरण द्यायचो. आचारसंहितेत ‘आदर्श खेळाडू’साठी एक बक्षीसही मी ठेवलं होतं. चार वर्षं ते दुसऱ्याच कुणाला तरी गेलं, कारण ऐनवेळी कुणीतरी रुसलेला असायचाच.

गेल्या उन्हाळ्यात, लीग सुरू व्हायच्या आधी, तो मला गायरानाच्या कडेला भेटला. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग मेंढरांकडं बघतच म्हणाला, ‘सर, आमच्या घरी कधी चार माणसं आले न्हाईत बगा.’

‘कशाला?’

‘कशाला म्हंजे… असंच. मानानं. शाल घालाया. भिताडावर एक फोटू असावा वाटतो. लेकी मोठ्या व्हायल्यात. त्यांना सोयरे येतेल उद्या.’

‘अरे, यंदा आदर्श खेळाडूचं बक्षीस तुलाच. मी बोलतो अध्यक्षांशी.’

‘बरं,’ तो म्हणाला.

मी अध्यक्षांशी बोललो. नाही असं नाही. ते म्हणाले, ‘त्यो काय, त्यो आपलाच हाय. त्यो कुटं रुसतोय!’ मी हसलो. हसायला नको होतं.

सेमीफायनलला समोर मंडपवाल्याचा संघ होता, आणि फलंदाजीला खुद्द मंडपवाला. आमच्या गड्याचा बॉल बॅटची कड घेऊन किपरच्या हातात गेला. आवाज लाउडस्पीकरवरून ऐकू आला. अंपायरनं लाउडस्पीकर कुणाचा आहे याचा विचार केला आणि मान हलवली. नॉट आउट.

गडी ‘बरं’ म्हणाला. वळला, चार पावलं गेला, थांबला. मग परत आला आणि स्टम्पला लाथ मारली. जोरात नाही. जनावराला वाटेतून बाजूला सारावं तेवढीच. मधला स्टम्प आडवा झाला. त्यानं वाकून तो उचलला, जागेवर नीट रोवला, वर बेल्सही ठेवल्या. मग कॅप्टनच्या हातात बॉल देऊन, मेंढरं हाकत घरी गेला. मैदानभर हशा झाला. कॉमेंट्रीवाला तर दहा मिनिटं तेच सांगत होता.

मला हसू आलं नाही. मला राग आला. चार वर्षं ज्याचं उदाहरण दिलं त्यानंच माझं नाक कापलं असं वाटलं. सामना कसाबसा त्याचा संघ जिंकला, तशी मंडपामागं आमची बैठक बसली. अध्यक्ष एकदम गंभीर होते. ‘सर, नियम म्हंजे नियम. अशानं लीगची इज्जत काय राहील?’ चार वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होतो. खताच्या दुकानदाराकडं बघितलं. तो म्हणाला, ‘माजं काय न्हाई. आष्टीचा एक बॉलर आलाय पाव्हणा म्हणून. फायनलला त्याला घेतो.’

झालं. दोन सामन्यांची बंदी. एक फायनल आणि एक पुढच्या वर्षीचा. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही. कागदावर सही करताना मला बरं वाटत होतं. एकदा तरी माझा आदेश टिकणार होता. समोरचा माणूस कोण आहे, त्याला मी काय शब्द दिला होता, हे त्या वेळी डोक्यात आलं नाही असं म्हणणं सोपं आहे. आलं होतं. तरी सही केली.

फायनल दणक्यात झाली. पेढे, फेटे, फटाके, आठही मालकांची भाषणं. अध्यक्ष म्हणाले की आपल्या लीगमध्ये शिस्तीला किती महत्त्व आहे हे सगळ्यांनी पाहिलंच. मग माईकवरून माझं नाव पुकारलं. निःपक्ष कारभाराबद्दल माझा सत्कार. शाल, नारळ, फोटो. आदर्श खेळाडूचं बक्षीस अध्यक्षांच्या पुतण्याला गेलं. मी शाल घडी करून स्कूटरच्या डिकीत टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळावरून येत होतो. त्याचं घर वाटेतच आहे. थांबायचं नव्हतं मला. पण अंगण दिसलं आणि आपोआप ब्रेक लागला. सडा टाकलेला, रांगोळी काढलेली. पत्र्याच्या सावलीत शेजाऱ्याकडून आणलेल्या पाच प्लॅस्टिकच्या खुर्च्या ओळीनं मांडलेल्या. त्यांच्यापुढं स्टुलावर झाकलेला तांब्या. तो दारात बसला होता, धुतलेला पांढरा सदरा घालून, दाढी करून. मेंढरं अजून वाड्यातच कोंडलेली, ओरडत होती.

मला बघून तो झटकन उठला. ‘या सर, या.’ आणि माझ्या मागं रस्त्याकडं बघितलं. ‘बाकीचे मागून यायलेत का?’

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

त्याची बायको आतून म्हणाली, ‘सेमीफायनलपून असंच बसायलेत. मेंढरं बी सोडंनात. म्हणतेत, समजूत काढाया येतेल, घरी कुणी नसलं तर वाईट दिसल.’

‘तू गप,’ तो तिला म्हणाला. मग मला, हळूच, ‘सर, लाथ कमी पडली का? लोकं लई जोरात मारतेत. मला जमलं न्हाई.’

मी डिकी उघडली आणि कालची शाल बाहेर काढली. घडीही मोडली नव्हती. ती घेऊन मी त्याच्यासमोर उभा राहिलो. त्यानं शालीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि दोन्ही हात जोडले.

‘असं न्हाई सर,’ तो म्हणाला. ‘तुमी घातली तर लई झालं, पर तसं न्हाई. त्याला चार माणसं लागतेत.’

‘मी अध्यक्षांना घेऊन येतो,’ मी म्हणालो. आवाज माझाच मला खोटा वाटला.

‘बरं,’ तो म्हणाला.

बायकोनं चहा आणला. मी एका खुर्चीवर बसून प्यालो. तो पलीकडं उभाच होता. मी पीत असतानाच त्यानं उरलेल्या चार खुर्च्या एकात एक घातल्या आणि शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवल्या. परत येऊन वाड्याचं फाटक उघडलं. मेंढरं बाहेर पडली आणि गायरानाच्या वाटेला लागली. मी बसलो होतो तेवढी खुर्ची त्यानं राहू दिली.