दोन हजार एक रुपये, माईकवरून

आमच्याकडच्या लग्नात अक्षता पडल्या की सगळ्यांचे कान एका माणसाकडं लागतात. मांडवाच्या कोपऱ्यात तो टेबल टाकून बसलेला असतो. पुढ्यात वही, हातात माईक. कुणी किती आहेर केला ते वहीत लिहायचं आणि मग साऱ्या मांडवाला ऐकवायचं, हे त्याचं काम. माझा एक गुन्हा त्या माईकवरून अख्ख्या मांडवानं ऐकलाय. लोकांनी तेव्हा माझ्याकडं कौतुकानं पाहिलं. मीही मिशीवरून हात फिरवला.

पण आधी कार्डाचं सांगायला हवं.

मी कुरकुंभला औषधाच्या कारखान्यात ऑपरेटर होतो आणि दौंडला दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. एकदा पगाराच्या दिवशी गेटवर टाय लावलेला एक माणूस आला. त्यानं पगाराची स्लिप मागितली, पाच-सहा ठिकाणी सह्या घेतल्या, आणि महिन्याभरात पोस्टानं क्रेडिट कार्ड घरी आलं. माझं नाव त्यावर उठावदार अक्षरांत! मी दोन दिवस नुसता त्यावरून अंगठा फिरवत होतो. दौंडात ते चालवणार कुठं? आमच्या किराणावाल्यानं उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "रेशनकार्ड बारकं केलं का काय सरकारनं?"

पण हायवेवरच्या पेट्रोल पंपावर मशीन होतं. पहिली पाळी सुटली की आमच्या आठ-दहा मोटारसायकली तिथं लागायच्या. मी मधोमध उभा राहून ओरडायचो, "भरा रे भरा, सगळ्यांचं माझ्याकडं!" पंपावरचा माणूस कार्ड घासायचा, मशीन किर्रकिर्र करत कागद बाहेर काढायचं आणि मी ऐटीत सही ठोकायचो. मग सगळे आपापल्या पेट्रोलचे पैसे माझ्या हातात रोख द्यायचे. आता माझी अक्कल बघा. ते पैसे कार्डाचे, परत भरायचे, हे मला कळत होतं. पण फुगलेलं पाकीट खिशात असलं की कळलेलं सगळं विसरायला होतं. त्या पैशातून टेपरेकॉर्डर आला, बूट आले, आणि दर बुधवारी मटण शिजू लागलं.

बिलावर एक मोठा आकडा असायचा आणि त्याखाली एक बारका. तो बारका आकडा म्हणजे हप्ता, असं मी धरून चाललो. पतसंस्थेचं कर्ज मी तसंच फेडलं होतं. हप्ता चुकवायचा नाही, कर्ज आपोआप संपतं. दीड वर्ष मी एकदाही चुकलो नाही आणि व्याज चढून मोठा आकडा दर महिन्याला बाळसं धरत गेला.

हे बाहेर आलं ते बायकोमुळं. ती घरी ब्लाऊज शिवायची, साड्यांना फॉल लावायची. तिचे डोळे तेव्हा नुकतेच दगा द्यायला लागले होते. सुईत दोरा ओवता यायचा नाही. म्हणून ड्यूटीला निघण्याआधी मी दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवायचो आणि बायकोसाठी आपण किती करतो, अशा थाटात घराबाहेर पडायचो. दहावी सुई संपली की तिचं काम मी येईपर्यंत थांबायचं.

तर एक दिवस बिल तिच्या हाती लागलं. खिडकीपाशी जाऊन, हात लांब करून तिनं ते वाचायचा प्रयत्न केला.

"अहो, ह्ये तेहतीस हाय का अडतीस?"

"अडतीस."

"शे?"

"हजार."

ती खाली बसली. रडली नाही, ओरडली नाही. मग म्हणाली, "टेपरेकॉर्डर वाजतो तरी का नीट?"

मी म्हटलं, "एक बाजू वाजत नाही."

"मंग बराय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून घरात तिचं राज्य. भिंतीवरच्या कॅलेंडरवर सगळेच दुधाच्या खुणा करतात. तिनं दर महिन्याच्या पानाची मागची बाजू हिशोबाला लावली. दूध एक लिटरचं अर्धा लिटर. केबल बंद. बुधवारचं मटण बंद, त्या जागी हुलग्याचं माडगं. माझा पाळी सुटल्यावरचा वडापाव बंद. कार्डाचे तिनं कात्रीनं दोन तुकडे केले आणि माझ्या नावाचा अर्धा तुकडा परातीतलं पीठ खरवडायला घेतला. दर सकाळी माझं नाव कणकेत बरबटलेलं बघून मी ड्यूटीला जायचो. सगळ्या पानांवर सगळ्यात वर लिहिलेलं असायचं, "कार्ड २५००". आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरात, "चष्मा". त्याच्यापुढं आकडा नसायचा. फॉलचे सुट्टे पैसे ती त्यासाठी पत्र्याच्या डब्यात टाकायची.

असे दहा महिने गेले. मी कुरकुर करायचो, पण खरं सांगतो, मला मजा यायला लागली होती. कॅन्टीनमध्ये मी माझ्या उपासमारीच्या गोष्टी अशा रंगवून सांगायचो की लोक मला स्वतःचा वडा देऊन टाकायचे. ते मी घरी सांगत नव्हतो, हेही आता सांगून टाकतो.

मग तिच्या भावाच्या मुलीचं लग्न निघालं. शिरूरला, कार्यालयात. तिनं आहेराच्या पाकिटात दोनशे एक घातले आणि मला बजावलं, "दादाला आपलं समदं ठाव हाय. त्यो काय म्हननार न्हाई." कार्डाचे अडीच हजार सोमवारी बँकेत भरायचे होते. घर दोन दिवस बंद राहणार, म्हणून तेही तिनं माझ्या बंडीच्या आतल्या खिशात घातले आणि वरून सेफ्टी पिन लावली.

लग्न झकास लागलं. जेवणं सुरू झाली आणि माईकही. तेवढ्यात साडू आले. साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचे मालक. ऊस, बुलेट, बोटात तीन अंगठ्या. माईक कडाडला, "तळेगाव ढमढेऱ्याचे आपले जावई, यांच्याकडून एक हजार एक रुपये आहेर!"

साडू माझ्या शेजारी येऊन बसले. "तुमचा झाला का आहेर, पाव्हणं? का कंपनीचा पगार व्हायचाय अजून?"

आजूबाजूचे चार लोक हसले. चारच. पण मला वाटलं सारा मांडव हसतोय.

"चाललोच होतो," मी म्हणालो आणि उठलो. टेबलापर्यंत चाळीस पावलं असतील. त्या चाळीस पावलांत मी बंडीत हात घालून पिन काढली. बोटाला टोचली, रक्त आलं, तरी थांबलो नाही.

"दौंडचे थोरले जावई, यांच्याकडून दोन हजार एक रुपये आहेर!"

मी म्हटलं, "आवाज जरा कमी आला का?" त्या भल्या माणसानं पुन्हा एकदा वाचलं.

परत वळलो तेव्हा बायकांच्या पंगतीत माझी बायको हातात घास धरून बसलेली दिसली. तेव्हा कुठं मला सोमवार आठवला.

घरी परतताना न्हावऱ्याच्या रस्त्यानं एसटी हिसके देत चालली होती. मी मनात तीन-चार सबबी तयार करून ठेवल्या होत्या. ती खिडकीतून बाहेर बघत होती. बाहेर बघतच बोलली.

"दादा रडला. म्हनला, तुमच्यावर येवढी वेळ असताना दाजींनी माझा मान राखला." मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, "माझ्या म्हायेरासाठी तुम्ही असं काय कराल, मला वाटलं नव्हतं."

सबबी सगळ्या वाया गेल्या. खरं बोलायचं असेल तर ती वेळ होती. एक वाक्य लागलं असतं, की अगं, मी साडूसाठी केलं. एसटीत, सगळ्या प्रवाशांना ऐकू जाईल अशा आवाजात आयुष्यभर गप्पा मारलेला मी, तेवढं एक वाक्य बोललो नाही. उलट म्हणालो, "त्यात काय, आपलीच माणसं."

"पर सोमवारचं?"

मी तिकिटाची सुरळी करायला लागलो.

"चष्म्याचं हायत की," ती म्हणाली. "चष्मा काय पळून चाललाय?"

सोमवारी सकाळी तिनं पत्र्याचा डबा ओट्यावर उपडा केला. नाणी, मळलेल्या दहाच्या नोटा, फॉलला अमुक आणि काजे-बटणाला तमुक असे जमलेले. माझ्या खिशात उरलेल्यांत ते मिसळले, तरी शंभर-सव्वाशे कमी पडले. ते शेजारणीकडून आणले. मग कॅलेंडरच्या पानावरचं "चष्मा" तिनं खोडलं आणि चार पानं उलटून पुढं लिहिलं. रोज मी दहा सुया ओवायचो. त्या दिवशी बारा ओवल्या.

मी दोन महिने सुट्टीच्या दिवशीही ड्यूटी केली, सगळे टाळतात त्या सांडपाण्याच्या प्लॅन्टवर. वास अंगातून जायचा नाही. तिनं विचारलं तर म्हणायचो, कंपनीनं घातलं. दिवाळीनंतर कार्ड एकदाचं फिटलं आणि मग आम्ही दौंडात चष्म्याच्या दुकानात गेलो.

दुकानदारानं तिच्या डोळ्यांवर लोखंडी चौकट चढवली, काचा बदलत राहिला. मग म्हणाला, "वहिनी, नंबर बराच वाढलाय. सहा-आठ महिने आधी यायला हवं होतं. शिवणकाम तसंच रेटलंत का?"

"घरात लगीन होतं," ती हसून म्हणाली. "ह्यांनी भाचीला दोन हजार एक आहेर केला. माईकवर दोनदा नाव घेतलं ह्यांचं."

"वा!" दुकानदार माझ्याकडं बघून म्हणाला.

चष्मा तयार झाला तेव्हा काउंटरवर नवंकोरं कार्डाचं मशीन होतं. "कार्ड का रोख?" त्यानं विचारलं. बायकोनं रुमालाची गाठ सोडली.

मग तिनं चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पहिल्यांदा माझ्याकडंच पाहिलं. पाहतच राहिली. मी भिंतीवरच्या तक्त्याकडं तोंड फिरवलं आणि मोठ्यानं अक्षरं वाचायला लागलो, वरच्या मोठ्या ओळीपासून खालच्या बारक्या ओळीपर्यंत. सगळी स्पष्ट दिसत होती.