कुणी न मागितलेल्या पावत्या
झेरॉक्सच्या गरम कागदाचा वास आला की मला कुडाळच्या बाजारातली, माडीवरची ती कर-सल्लागाराची खोली आठवते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून दर जुलैत मी वालावलहून एसटीने तिथे जाते, निथळणारी छत्री दाराशी ठेवते आणि पावत्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसते. तो एरवी गिऱ्हाइकांशी पुस्तकी मराठीत बोले, पण वजावटीसाठी मला विचारताना मालवणीवर येई. "बाई, औंदा दुखणाबिखणा काय झाला? औषधांचो खर्च? कोणाक देणगी दिलास?" आई गेल्यापासून अख्ख्या वर्षात मला इतकं विचारणारा तोच एक होता. मग एका वर्षी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. रिक्षाने एकटीच गेले, पट्टी बांधून एकटीच परतले, आणि भाताची पेज गाळताना हात पोळून घेतला. हे सगळं कसं सांगायचं ते मी एसटीतच जुळवलं होतं. त्याने पेन्शनचा कागद तेवढा घेतला, जरा वेळ टाइप केलं आणि म्हणाला, "बाई, औंदा नवी पद्धत घेवया. हेच्यात वजावट नाय, पण कर शून्य येता. आता तुमका कायेक इचारूची गरजच नाय." मी बरं म्हटलं. जुनीच ठेवा, कर भरेन, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण का, ते सांगता आलं नसतं. पावत्या मी अजूनही दरवर्षी नीट लावून नेते.