हेडक्लार्कच्या खणातल्या कॅप्सूल

"बास झालं की आता," म्हणत आमच्या शाळेचे हेडक्लार्क चहाचा कप अर्ध्यावर खाली ठेवायचे. विडी अर्धी ओढून कानावर, वर्तमानपत्र अर्धं वाचून बुडाखाली. अशी अर्धवट कारभाराची माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण या गृहस्थांनी डॉक्टरांनी दिलेला गोळ्यांचा कोर्सही कधी पुरा केला नाही. ताप उतरला की उरलेल्या कॅप्सूल टेबलाच्या खणात जायच्या.

त्या खणावर अख्खी शाळा बरी होते, असा त्यांचा ठाम समज होता. शिपायाचा फोड असो की मुख्याध्यापकांची दाढ, औषध तेच. शेजारणीला विरजण द्यावं तशा सहजपणे ते कॅप्सूल वाटायचे.

सत्तरच्या दशकात मी तिथं नवा मास्तर होतो. एकदा माझा घसा धरला, तर त्यांनी लगेच खण उघडला.

"घ्या वो मास्तर, काय हुत न्हाय."

अर्ध्या तासात अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास अडकायला लागला. त्यांनी मला टांग्यात घातलं आणि दवाखान्यापर्यंत माझा हात सोडला नाही.

डॉक्टरांनी आधी मला इंजेक्शन दिलं, मग त्यांना झापलं. कॅप्सूल पेनिसिलीनच्या जातीची होती आणि मला ते चालत नव्हतं. एकाचं औषध दुसऱ्यानं घ्यायचं नाही, आणि बरं वाटलं तरी कोर्स अर्धा सोडायचा नाही, हे त्यांनी या पन्नाशीच्या माणसाला पहिलीतल्या पोरासारखं दोनदा म्हणायला लावलं. मला बजावलं, की यापुढं प्रत्येक डॉक्टरला हे आधी सांगायचं.

मी विसरलो असतो. हेडक्लार्क विसरले नाहीत. खण त्यांनी त्याच दिवशी रिकामा केला. पुढं मी कुठल्याही दवाखान्यात गेलो की हे मागून हजर. "मास्तरास्नी पेनिसिलीन चालत न्हाय. लिवून घ्या की." दाताच्या डॉक्टरला सांगितलं, चष्मेवाल्यालाही सांगितलं. माझ्या लग्नात सासऱ्यांना त्यांनी बाजूला नेलं, तेव्हा मुलाचं काहीतरी लफडं बाहेर येतंय या धास्तीनं त्यांना घाम फुटला होता. मी वैतागायचो. आयुष्यात एवढं एकच काम या माणसानं अर्धं सोडलं नाही, आणि तेही माझ्याच मानगुटीवर.

ते गेले, त्याच्या पुढच्या वर्षी माझं हर्नियाचं ऑपरेशन निघालं. नर्सबाईंनी विचारलं, "कुठलं औषध चालत नाही?"

मी सवयीनं मागं वळून पाहिलं. दारात कोणी नव्हतं.

बाई पेन धरून थांबल्या होत्या. शेवटी मीच बोललो, जरा मोठ्यानंच.

"मास्तरास्नी पेनिसिलीन चालत न्हाय. लिवून घ्या की."