एकोणिसावा गडी

नोएल किट्टो बारूक या खेड्याच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉल संघाकडून दोनशे बारा सामने खेळला, तेही सगळे गोलासमोर, मागच्या फळीत. एकदा मेलबर्नच्या मोठ्या क्लबाने त्याला बोलावून घेतलं. महिनाभरात हा परत! तिथल्या प्रशिक्षकाने चारचौघांत आईवरून शिवी दिली, म्हणून यानेही तिथेच हिशेब चुकता केला. पुढे गुडघा गेला आणि गडी बारूकचाच प्रशिक्षक झाला. चार वर्षं संघ तळाला. शेवटी क्लबचा अध्यक्ष आल्फ पेंगेली म्हणाला, "येत्या शनिवारी येलबुराच्या संघाला हरव, नाहीतर घरी बस."

शनिवारी शेवटची तीन मिनिटं उरली आणि बारूक चार गुणांनी मागे. तेवढ्यात आल्फ कुंपणापासून धावत आला.

"नोएल! मोज, मोज! त्यांचे एकोणीस आहेत मैदानात!"

नोएलने मोजले. खरंच एकोणीस. मैदानात अठराच चालतात. कप्तानाने पंचाकडे मोजणी मागायचा अवकाश, येलबुराचे तोवरचे सगळे गुण पुसले जाणार.

"निरोप्याला कप्तानाकडे पाठव ना! बघतोयस काय?"

"तो बघ," नोएल म्हणाला. येलबुराचा एक पोक्त गडी पाय ओढत बाहेर निघाला होता. त्याचा बदली घाईघाईत आधीच आत शिरला होता. "तो रेषेपर्यंत पोचायच्या आत मोजणी मागू? मेलो तरी नाही."

"अरे, नियम आहे तो!"

"असू दे. माझी पोरं धावून जिंकतील, नाहीतर हरतील. डोकी मोजून जिंकायचं असेल तर तू जा की मैदानात!"

चार गुणांनी हरले. कुंपणालगत उभ्या प्रेक्षकांच्या गाड्यांचे भोंगे वाजले, ते येलबुरासाठी.

क्लबच्या खोलीत खिमा-पॅटिस खाणाऱ्या, चहा पिणाऱ्या सगळ्यांसमोर आल्फने हात पुढे केला. "चेंडूंच्या खोलीची किल्ली दे. संपलं तुझं."

नोएलचा चेहरा लालबुंद झाला. "किल्ली माझ्या खिशातच राहील. मंगळवारी साडेपाचला मी सराव घेणार. ज्याला यायचं तो येईल. कोणी आलं नाही तर किल्ली तुझ्या दारात आणून टाकीन, मग खुशाल नवा प्रशिक्षक शोध!"

बोलून तर बसला, पण मंगळवारी दिवसभर मेंढ्यांच्या वाड्यात काम करताना त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. हरलेल्या माणसाकडे कोण येतंय? बायको ग्वेंडा म्हणाली, "तोंड आवरलं असतंस तर?" त्याने मेंढ्यांना चारा टाकला. कशाला आवरायचं?

साडेपाचला त्याने खोली उघडली. मैदानावर कुत्रंही नव्हतं. पावणेसहा झाले. किल्ली मुठीत धरून तो आल्फकडे जायला वळला, तोच फाटकातून कप्तानाची गाडी आत आली; तिच्यामागे आणखी एक, आणि रस्त्यावर दिव्यांची रांग. बावीस जण उतरले.

"टेकाडावर ट्रक फसला होता, सगळे मागे अडकलो," कप्तान म्हणाला.

नोएलने मुठीतली किल्ली खिशात टाकली. आणि तो ओरडला, "मग उभे काय राहिलात? उशीर झालाय. दहा फेऱ्या, पळा!"