जगदाळे साहेबांचा मफलर

“बोला की! बिनधास्त बोला! मी काय वाघ हाय व्हय?” जगदाळे साहेब असे गरजायचे की मीटिंगच्या खोलीतली काच थरथरायची आणि आम्ही सगळे चहाच्या कपात बघायचो. एखाद्यानं चुकून तोंड उघडलंच, तर त्याचं वाक्य साहेबच पुरं करायचे, आणि ते कसं चुकीचं आहे हेही तेच सांगायचे.

शिरोलीतल्या आमच्या पंपाच्या कारखान्याचे ते मॅनेजर. माणूस सोन्यासारखा, आवाज भोंग्यासारखा. पुण्याच्या शिबिरातून ते ‘ओपन इनोव्हेशन’ घेऊन आले. म्हणजे नव्या कल्पना कुठूनही येऊ द्यायच्या. कामगारांकडून, बाहेरच्यांकडून, अगदी स्पर्धकांकडूनही. आल्या आल्या त्यांनी केबिनचं दार बिजागऱ्यांसकट काढलं. फरक एवढाच पडला की त्यांचं ओरडणं आता थेट पेंट शॉपपर्यंत पोचायला लागलं. ‘कल्पना लिहा’ म्हणून फळा लावला. त्यावर कुणीतरी ‘कॅन्टीनच्या आमटीत डाळ घाला’ असं लिहिलं. लगेच चौकशी समिती बसली!

त्यातच आमचे पंप गळायला लागले. ओतकामात बारीक छिद्रं पडत होती. सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकानं दोनदा माल परत पाठवला. तिसऱ्यांदा आला असता तर दुसरी पाळीच बंद. कितीतरी घरं त्या पाळीवर जेवत होती. काळजीनं साहेब इतके ओरडले की घसाच बसला. डॉक्टरांनी बजावलं, पंधरा दिवस एक शब्द बोलायचा नाही. भर मे महिन्यात गळ्याला मफलर गुंडाळून साहेब मीटिंगला आले.

खोलीत कधी नव्हे ती शांतता. क्वालिटीच्या सुनीताताई म्हणाल्या, “समोरच्या नरगुंद्यांकडं हेच झालतं. त्यांनी निस्तरलं. जाऊन इचारूया की.”

बाप रे! नरगुंदे म्हणजे समोरच्या पंप कारखान्याचे मालक, साहेबांचे जन्माचे वैरी. साहेब लालबुंद झाले, तोंड उघडलं, आणि बाहेर आली नुसती हवा. ताईंना तो होकार वाटला. त्या साहेबांना घेऊन निघाल्यासुद्धा.

नरगुंदे बघतच राहिले. “जगदाळ्या गप बसलाय म्हंजे लईच अडचण दिसती!” असं म्हणून त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. “साच्यात आतली हवा कोंडती. तिला बाहेर जायला वाट ठेवा.” बदल्यात त्यांनी आमची रंगकामाची रीत मागितली. साहेबांना नाही म्हणता येईना. मान हलली, सौदा झाला. पुढचा माल परत आला नाही.

त्यानंतरच्या मीटिंगा म्हणजे नुसता आठवडी बाजार. सगळे बोलायचे, भांडायचे. पंधरा दिवस कधीच उलटले, मफलर मात्र तसाच. मला काळजी वाटली. मी साहेबांच्या घरी फोन केला. “वहिनी, साहेबांचा आवाज अजून नाही आला?”

“न येऊन काय करतोय?” वहिनी म्हणाल्या. “सकाळी दूधवाल्यावर असं तोंड सुटलं, शेजारी जागे झाले की!”

मी मीटिंगच्या खोलीत डोकावलो. सुनीताताई स्टोअरवाल्याशी वाद घालत होत्या. साहेबांनी खुर्चीचे हात गच्च धरले होते. ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर घाम. मला त्या माणसाची एकदम माया आली.

मी आत जाऊन बसलो आणि म्हणालो, “साहेब, तुम्ही काढलेलं पंपाचं नवीन डिझाइन मला पटलेलं नाही.”

साहेबांनी माझ्याकडं रोखून बघितलं. मग मफलरचा आणखी एक वेढा घेतला आणि हातानं खूण केली, बोल.